शुद्ध हवा

कुंदा भाकरी थापत होती, तेवढ्यात घरातल्या सगळ्या खिडक्या आपोआप आत उघडल्या. समोरच्या टायर कारखान्याची काजळी थेट परातीतल्या पिठावर येऊन बसली. खाटेवर निजलेली तिची लेक ओवी खोकत उठली.

भिंतीतलं हवा तपासायचं यंत्र गोड आवाजात म्हणालं, "हवा शुद्ध आहे."

"शुद्ध कसली, डोंबलाची!" पिठाच्या हातांनी कुंदानं खिडकी रेटून धरली. सरकारनंच बसवलेल्या या खिडक्या एरवी हवा बिघडली की आपणहून बंद व्हायच्या. आज त्या तिलाच मागं ढकलत होत्या.

तेवढ्यात तिचा नवरा दिगंबर कारखान्यातून पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "अगं, धुरावरचे नियम सभागृहानं रद्द केले. कारखाना आता बंद पडायचा नाही. नियमच नाही म्हटल्यावर यंत्राला सगळीच हवा शुद्ध."

"आणि ही पोर?"

पुडा ओट्यावर टाकून तोही खांद्यानं खिडकी रेटू लागला.

टीव्हीवर मंत्री उद्योगांनी घेतलेल्या मोकळ्या श्वासाबद्दल बोलत होते. त्यांच्या मागं सभागृहाच्या खिडक्या गच्च बंद होत्या, आणि आत कुणीच खोकत नव्हतं.