आतला लंगोट

“आतला लंगोट ओला, वरचा कोरडा,” बेकरीवाली कानाशी लागून म्हणाली. “सिस्टरच्या हाताला वरचाच लागतो.”

कॉलरवालीनं मान हलवली. शर्टांच्या कारखान्यात ती कॉलर शिवायची, म्हणून बाकावर तिचं हे नाव पडलं होतं. तिच्या मांडीवरच्या बाळाचा आज वजनाचा दहावा मंगळवार होता. गेल्या मंगळवारी त्याच्या कार्डावर लाल खूण झाली होती. लागोपाठ दुसरी झाली की सिस्टर बाळाला अंगणापलीकडच्या वॉर्डात ठेवून घेई, आणि बाळासोबत आईलाही राहावं लागे. कॉलरवालीची रजा शनिवारी संपत होती. नोकरीइतकीच धास्ती सासूची. आमच्या घरात आजवर एकही पोर वाळलं नाही, असं ती माउली रोज नेमकं जेवणाच्या वेळी सांगायची, आणि कॉलरवालीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

वजनखोलीची रीत साधी होती. खोली गार, म्हणून बाळाला लंगोटासकट काट्यावर ठेवायचं आणि लंगोटाचे पन्नास ग्रॅम वजा करायचे. वजन वाढलं तर निळी खूण, नाहीतर लाल. बाकावर याला पास-नापास म्हणत. सिस्टर एकटी आणि बाळं चाळीस. लंगोटाच्या आत काय आहे ते बघायला तिला सवड नव्हती, आणि बायका काही दूधखुळ्या नव्हत्या. हा ओल्या लंगोटाचा तोडगा मुळात कुणी काढला ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बेकरीवालीला तो एकीनं सांगितला होता, तिला आणखी कुणीतरी.

पाळी येईपर्यंत बाकावर बाळंतपणांच्या गोष्टी चालत. एकेकीचं बाळंतपण दर मंगळवारी तासाभरानं लांबायचं. बेकरीवालीच्या कळा नऊ तासांवरून चौदावर गेल्या होत्या, आणि कळा सुरू झाल्यावरही भट्टीतले पाव बाहेर काढूनच तिनं दवाखाना गाठला होता. सगळ्या हसत. पण हसताना प्रत्येकीचा एक डोळा काट्यावर असायचा.

बाकाच्या टोकाला चौघांची आई बसायची. चौथ्याला घेऊन ती आज तिसऱ्यांदाच आली होती. बाकीच्या एकच कार्ड आणत, ती चार कार्डांची रबर लावलेली जुडी आणायची. ताई, कार्डांचं दुकान काढताय का, असं बेकरीवालीनं तिला पहिल्याच दिवशी चिडवलं होतं. तिनंही आपली बाळंतपणं सांगितली होती. पहिल्याच्या वेळी दोन दिवस कळा. दुसरी दवाखान्याच्या पायरीवरच झाली. चौथा पायाळू. आणि तिसरं, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तिसरं फार गुणी, कधी रडलंच नाही. मग ती चौथ्याचा मोजा नीट करत बसली.

आज ती कॉलरवालीच्या बाळाकडे बघत होती. चाळीस बाळांच्या गोंगाटात ते एकटं गप्प पडून होतं. किती शहाणं बाळ, असं शेजारणी कौतुकानं म्हणत होत्या. त्याच्या मांडीची कातडी मोठ्या मापाच्या मोज्यासारखी सैल होती.

कॉलरवाली बाळाला घेऊन नळावर जाऊन आली. पुकारा झाला. तिनं बाळाला काट्यावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

“एकशे ऐंशी ग्रॅम वाढलंय. छान,” सिस्टर म्हणाली आणि तिनं निळी पेन्सिल उचलली.

कॉलरवालीचा जीव भांड्यात पडला. तिनं बाळाला उचलायला हात पुढे केले.

“थांबा सिस्टर,” चौघांची आई उठून म्हणाली. “लंगोट काढून वजन करा.”

बेकरीवालीनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. ताई, कुणाच्या पोटावर कशाला पाय देता, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. चौघांची आई ढिम्म हलली नाही. सिस्टरनं कॉलरवालीकडे पाहिलं, मग लंगोट सोडला. आतलं ओलं फडकं टेबलावर पडलं. सिस्टरनं बाळ पुसलं आणि पुन्हा काट्यावर ठेवलं. गेल्या मंगळवारपेक्षा ते चाळीस ग्रॅमनं कमी भरलं. एवढ्या उचलठेवीतही ते रडलं नाही. सिस्टर रागावली नाही. तिनं लाल खूण केली आणि वॉर्डात फोन करून एक खाट मोकळी ठेवायला सांगितलं.

कॉलरवालीला रडू आवरेना. भर खोलीत चोर ठरल्यासारखं तिला झालं होतं. बाकावरच्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या.

“मी तुमचं काय वाकडं केलं होतं, ताई?” तिनं विचारलं.

चौघांच्या आईनं आपलं बाळ बेकरीवालीच्या मांडीवर दिलं. जुडीचा रबर काढला. मधलं एक कार्ड ओढून तिनं कॉलरवालीच्या हातात ठेवलं.

“हा तोडगा मी काढलाय. याच बाकावर,” ती म्हणाली. “हे माझ्या तिसऱ्याचं.”

कॉलरवालीनं डोळे पुसले आणि कार्डावरून बोट फिरवलं. पहिल्या मंगळवारपासून सगळ्या खुणा निळ्या होत्या. लाल एकही नव्हती. आणि अकराव्या मंगळवारनंतर निळीही नव्हती.