ग्रीस संपल्याचा आवाज

लेथवर फिरणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाला टेकू द्यायला विश्राम मिस्त्रींनी सवयीनं न फिरणारं, टोकदार डेड सेंटरच लावलं. बेअरिंगवर फिरणारं लाईव्ह सेंटर त्यांना पोरखेळ वाटे. "माप चुकवतं ते. हे बघा, टोकावरचं ग्रीस संपलं की स्वतः किंचाळून सांगतं. कान पाहिजेत फक्त," असं ते तीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आले होते.

शेजारचं मशीन बंद करून अन्वर धावत आला आणि त्यानं मिस्त्रींचंही बंद केलं. सेंटरचं टोक जळून निळं पडलं होतं.

"आज ओरडलं कसं नाही हे?"

अन्वरनं मान खाली घातली. "मिस्त्री, पार गेटपर्यंत ऐकू येत होतं."

"काय?"

त्यानं कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं.

मिस्त्रींनी हात पुसून पुढे केला. "दे तुझं ते फिरणारं सेंटर."

दोन्ही मशीनं थांबली होती, तरी ते ओरडूनच बोलले.