फक्त मालनला मनाई

कारखान्यातली ऊसवजनाची फाइल सगळ्या विभागाला उघडत होती, फक्त मालनला नाही.

"संगणक आधी माणसाचं नाव बघतो. तिथं मनाई दिसली, की विभागाची परवानगी बघतच नाही," संगणक सांभाळणारे ओतारीभाऊ म्हणाले.

"माझ्या नावावर मनाई घातली कुणी?"

"मीच. गप बस, पोरी."

भाऊ आपल्याला चोर समजतात, या रागानं तिनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

आठवड्यानं चौकशी आली. मनाईनंतर कुणीतरी वजनं घटवली होती. साहेबांनी सगळ्या विभागाला घरी बसवलं, ओतारीभाऊंनाही. मालनला म्हणाले, "तुम्ही राहा. तुम्हाला फाइल उघडतच नव्हती."

ती फाटकापर्यंत भाऊंच्या मागे धावली. आभार मानायचे होते, पण तोंडून निघालं, "वजनं बदलणार, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

डबा दुसऱ्या हातात घेऊन भाऊ चालू लागले.