अस्तर

अंगठी तिच्या बोटात शिरेना.

आईचीच अंगठी. लहानपणी आई गंमत म्हणून ती लेकीच्या बोटात घालायची, तेव्हा ती गरगर फिरायची. मोठेपणीही सैलच व्हायची, कारण आईची बोटं जाडजूड आणि हिची काडीसारखी. आज ती मधल्या पेरावरच अडून बसली.

"जोर लावू नका, मॅडम," समोरचा विक्रेता हळूच म्हणाला. त्या दागिन्यांच्या दालनात सगळेच हळू बोलत होते, इस्पितळात अतिदक्षता विभागाबाहेर बोलतात तसे. "तुमच्या आईंनी ती लहान करून घेतली होती. तीनदा."

"तीनदा?"

"दर दोन-तीन महिन्यांनी यायच्या. बोटातून निसटते म्हणायच्या. आता पॉलिशला टाकली होती, ती न्यायचीच राहिली."

ती डॉक्टर होती. माणसाची बोटं अशी भराभर बारीक होतात म्हणजे काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. 

आई जाऊन पाच महिने झाले होते. चक्कर येऊन पडल्याचं निमित्त झालं आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. आजार शरीरभर पसरलेला निघाला. असा आजार एका रात्रीत पसरत नाही. आई दर रविवारी तिच्याकडे जेवायला यायची, समोर बसून तासन्‌तास गप्पा मारायची, आणि दहा वर्षं रोगी तपासणाऱ्या लेकीला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. गाल जरा बसलेले वाटले होते. आई म्हणाली, दाढा काढल्या. हिने मान डोलावली. नातेवाईक म्हणत, नशीब. नवरा म्हणे, किती दिवस स्वतःला खाणार आहेस? पण तिने दवाखान्याला लावलेलं कुलूप अजून काढलं नव्हतं. जिला सख्ख्या आईचा आजार कळत नाही, तिने लोकांच्या आयांना कुठल्या तोंडाने तपासायचं? बाळाला ताप आला तरी ती दुसऱ्या डॉक्टरकडे धावायची.

त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर आईचा शेवटचा पोशाखही न्यायचा राहिला होता. एरवी आई इतकी काटकसरी की पायपुसण्यालासुद्धा ठिगळ लावेल. पण वर्षातून एक पोशाख मात्र ती याच दुकानात शिवून घ्यायची. आपल्याच अंगाच्या मापाचा, सबंध हाताने शिवलेला. शेवटच्या वर्षात तर तिने चार शिवले. "म्हातारपणी नटायची हौस आलीय," असं म्हणून लेक तिला चिडवायची. आई नुसती हसायची.

वरचं दालन तिन्ही बाजूंनी आरशांचं होतं. पायाखाली इतका जाड गालिचा की स्वतःची पावलंही ऐकू येत नव्हती. शिवणघरातली मुख्य बाई साठीची होती, मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली. या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा एक कापडी पुतळा ठेवतात आणि त्याच्यावरच कपडा बेततात. बाईने आईचा पुतळा ढकलत आणला. त्याच्या अंगावर करडा पोशाख होता, गळाबंद, मनगटापर्यंत बाह्यांचा.

आईच उभी होती. तेच रुंद खांदे, तीच भरलेली पाठ, तेच सुटलेलं पोट. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी तिला हायसंही वाटलं. अंगठीने उगाच भलतंसलतं मनात घातलं होतं.

"आई अशीच होती," ती म्हणाली. "शेवटपर्यंत अशीच. वाळली असती तर मला दिसलं नसतं का?"

 बाईने पाठीवरची बटणं एकेक करून सोडली आणि पोशाख उतरवला.

खाली भलतंच शरीर होतं. खांद्यांची टोकं वर आलेली, छाती सपाट, पोट पाठीला टेकलेलं. चाळीस किलो, तिच्या मनात आपोआप आलं. फार तर बेचाळीस.

"हा कुणाचा पुतळा?" तिने विचारलं. 

"त्यांचाच. शेवटच्या मापाचा."

बाईने पोशाख टेबलावर उलटा पसरला. आत अस्तराखाली कापसाचे पातळ थर होते, एकावर एक, बारीक टाके घालून बसवलेले. खांद्यांवर जाड, पोटावर त्याहून जाड, बाह्यांत विरळ. एक सबंध बाई कापसाची बनवलेली होती.

"दहा महिन्यांचं काम आहे हे," बाई म्हणाली. "त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. इलाज उरला नाही, असं कुणा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला नुकतेच दिवस राहिले होते आणि आधीची दोन पोटातच गेलेली. म्हणाल्या, नातवंड हातात येऊन तुम्ही सावरेपर्यंत घरात कुणाला कळता कामा नये."

लेकीने खांद्यावरचा एक थर चिमटीत धरून दाबून पाहिला.  मग तिने मान हलवली.

"शक्य नाही. दर रविवारी मी तिला मिठी मारत होते. डोळे फसतील, पण हात? माझ्या हाताला कळलंच असतं."

"तीच तर त्यांना धास्ती होती," बाई म्हणाली. "म्हणून प्रत्येक फिटिंगला शिवणघरातल्या आम्हा सगळ्याजणींना ओळीने मिठी मारायला लावायच्या. कुणाच्याही हाताला हाड लागलं, की म्हणायच्या, अजून एक थर घाला, माझ्या पोरीच्या हातातून काही सुटत नाही."