तिसरा निरोप

जुलैत जीप घेऊन वाळवंटातल्या डर्टी डेव्हिल नदीच्या घळीत उतरायचं आणि चार रात्री तंबूत काढायच्या, असं मी आणि डेलनं ठरवलं. वीस वर्षं आम्ही बरोबरच भटकतोय. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला होता.

"जुलैत तिकडे सरडेसुद्धा सावली सोडत नाहीत," माझी बायको ट्रीना कॉफी ओतत म्हणाली. "म्हातारे झालात, अक्कल कधी येणार?"

घळीत फोन लागत नाही, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र आणलं होतं. त्यात तीन निरोप आधीच भरून ठेवायचे. तिथे बटण दाबलं की ते ट्रीनाच्या फोनवर येतात. यंत्र अजून सीलबंद खोक्यातच होतं. मी नकाशाच्या मागे पेन्सिलीनं दोन निरोप लिहिले. 'पोहोचलो, मजेत आहोत.' 'उशीर होईल, काळजी नको.'

"तिसरा तू सुचव," मी डेलला म्हणालो.

"बघू सावकाश."

तेवढ्यात ट्रीनाचा फोन वाजला. माझ्याजवळच पडला होता, म्हणून मीच उचलला. 'पोहोचलो, मजेत आहोत.'

"चावटपणा पुरे हं, डेल," मी हसलो. पण त्याचे दोन्ही हात टेबलावर होते.

फोन पुन्हा वाजला. 'उशीर होईल, काळजी नको.'

आता कुणीच हसलं नाही. खोक्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ट्रीनानं झडप घातली, पण मी आधीच वाचलं होतं. 'ट्रीना, काम झालं. एकटाच परत येतोय.'

डेल माझ्याकडे बघतच नव्हता. पांढराफटक पडून तो तिला म्हणाला, "शपथ घेऊन सांगतो, हा मी अजून लिहिलासुद्धा नव्हता."