दुसरा थेंब

नेत्राने प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीचं दार आतून लावलं, फटीत काळं कापड खोचलं. शेजारी स्टुलावर बसलेल्या आईचा श्वास तिला स्पष्ट ऐकू येत होता. सोनूबाई घाबरली की तोंडाने श्वास घेते. खरं सांगायचं तर लेकही काही कमी घाबरली नव्हती.

समोरच्या काचेच्या थाळीत आईच्याच गाठीतल्या पेशी होत्या. गाठ कापून काढली, पण रोग फुप्फुसात शिरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. नेत्राने या पेशींत काजव्याचं प्रथिन घातलं होतं, थेंबभर खाद्य मिळालं की उजेड करणारं. सोबत दुसरं घातलं होतं, त्या उजेडाने जागं होऊन आपल्याच पेशीला मारणारं. माणसापर्यंत हे पोचायला किती वर्षं लागतील, ते ती आईला सांगत नव्हती.

“दिवा पेटणार नि मग विझणार. विझला की आपण जिंकलो,” एवढंच तिने तीनदा समजावलं होतं.

अकराला टाकलेल्या थेंबाने थाळी हिरवट उजळली. आता एक वाजला होता आणि उजेड मंदावत होता. पेशी मेल्या, की नुसतं खाद्य संपलं? आणखी एक थेंब टाकला की कळणार होतं. जिवंत असल्या तर पुन्हा पेटतील. ड्रॉपर हातात होता, पण टाकायला हात धजेना.

होडी दर्यावर असेतो सोनूबाईने दारातला कंदील जन्मात कधी विझू दिला नव्हता. आज तिचा मुलगा हितेश दर्यावर होता. थाळी काळी पडली आणि तीनदा समजावलेलं सगळं पाण्यात गेलं.

“इझला गो! घाल, आणखी घाल!” तिने लेकीच्या हातातला ड्रॉपर ओढला आणि थाळीवर पिळला.

“आई!”

दोघी थाळीकडे बघत राहिल्या. एकीला उजेड हवा होता, दुसरीला नको होता. नेत्राने मनात शंभर मोजले. पुन्हा शंभर मोजले. काही पेटलं नाही. पेशी खरंच मेल्या होत्या.

तिने तोंडावर हात दाबला, तरी हुंदका फुटलाच.

अंधारात आईचा खरखरीत हात चाचपडत तिच्या डोक्यावर आला.

“रडू नको गो,” सोनूबाई म्हणाली. “हितेश किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला काय सांगू नको.”