बिनआवाजाचा मांडव

"खिळा नाही, हातोडी नाही," आजोबा कुजबुजले. "मांडव बांधायचा तो नुसत्या दोरीने. आणि तोंडाला कुलूप."

परसात ऊन तापायला लागलं होतं. मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा लेक झोपला होता. रात्रभर बेकरीच्या भट्टीपाशी राबायचं आणि दिवसा पत्र्याखालच्या भट्टीत पडायचं, असं त्याचं चाललं होतं. झोप कसली, नुसतं कूस बदलणं. परवा कामावर उभ्या उभ्या डोळा लागला आणि मनगट भाजलं. "पुढच्या वेळी तोल गेला तर?" सून एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून आजोबांना घास गोड लागत नव्हता.

चार बांबू जमिनीवर आडवे होते. निळ्या जाड कापडाचे कोपरे त्यांच्या टोकांना बांधायचे होते. आजोबांनी मोठ्या नातीला गाठ दाखवली, सोडली, पुन्हा दाखवली. तिने त्यांचा हात बाजूला सारला. "कळलं हो आजोबा." गाठ उलटी बसली.

आजोबांनी ती कौतुकाने पाहिली. "आता हीच सोडून बघ. सोडता आली की बांधताही येते."

"तुमची शाळा सुटेपर्यंत सूर्य मावळेल, मामंजी," सून हळूच म्हणाली.

"मावळू दे. उद्या परत येतोच की तो."

धाकट्या नातीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. "खड्डे कधी खणायचे?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"आधी सावली कुठे पडते ते बघू. मग खड्डे."

चौघांनी एकेक बांबू उभा धरला. कापड वर ताणलं गेलं आणि परसात पाण्यासारखी सावली पसरली. सगळ्यांचे चेहरे निळसर झाले. आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी उभे आहोत, असं आजोबांना वाटलं.

तेवढ्यात दार करकरलं. लेक चटई ओढत बाहेर आला. डोळे अर्धवट मिटलेले. त्याने कुणाकडे पाहिलंच नाही. सावलीच्या मधोमध चटई टाकली, आडवा झाला, पट्टी बांधलेलं मनगट छातीवर घेतलं.

"छान झालाय हो बाबा, मांडव," तो पुटपुटला. "खांब अगदी पक्के." आणि घोरू लागला.

भिंगरीच्या पोटातलं हसू बांबूतून वर चढलं, कापड थरथरलं. आजोबांनी डोळे वटारले. हळूहळू कापड शांत झालं.

बराच वेळ गेला. घोरणं संथ झालं. आजोबांच्या खांद्यातून कळा येत होत्या. सुनेच्या डोळ्यांवर केसांची बट आली होती आणि ती सारायला हात मोकळा नव्हता. मोठीच्या पायावरून एक मुंगी निवांत फिरून गेली. भिंगरी डोळे मिटून उभी होती, जणू तिला मुळं फुटली होती.

ऊन सरकलं. त्याची एक पट्टी चटईवर चढली, लेकाच्या केसांत शिरली, कपाळाला टेकली. त्याची भुवई हलली.

आजोबांनी सुनेकडे पाहिलं. तिने मोठीकडे. भिंगरीने कुणी न सांगता डोळे उघडले.

मग मांडवाने, अगदी अलगद, एक पाऊल टाकलं.